कैदी नं. २७६ : दूधनाथ तिवारीने नक्की कुणाचा घात केला?

दर्यावर्दी

सेल्युलर जेलच्या धाग्यावर कुणीतरी ठासून लिहिलं होतं, "अंदमानातून कुणी पळालाच नाही." तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं. म्हणून वेगळा धागा.

पळाले. आणि थोडेथोडके नाही. वसाहत सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांचा सरकारी हिशेबच बघा. १६ जून १८५८ पर्यंत ७७३ कैदी उतरवले. ६४ इस्पितळात मेले. एकाने जीव दिला. ८७ जणांना फासावर चढवलं. १४० पळाले ते परत हाती लागलेच नाहीत. शिल्लक ४८१. म्हणजे आठातले तीन गेले, तेही पुरता पावसाळा अंगावर यायच्या आत.

सेल्युलर जेल बांधून पुरं झालं १९०६ साली. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं काळं पाणी होतंच, फक्त त्याला भिंती नव्हत्या. सत्तावनच्या उठावानंतर हिंदुस्थानातले तुरुंग भरून वाहायला लागले, तेव्हा ४ मार्च १८५८ ला कलकत्त्याहून 'सेमिरामिस' जहाज २०० कैदी घेऊन निघालं आणि १० तारखेला पोर्ट ब्लेअरला लागलं. बरोबर डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर. आग्र्याच्या तुरुंगाचा माजी अधिकारी, पेशाने डॉक्टर, आणि या वसाहतीत जगवणं-मारणं सगळं त्याच्याच हातात. पहारा म्हणाल तर आरमाराचे पन्नासेक गोरे. आधी चॅथम बेटावर मुक्काम, मग रॉसवर. कैद्यांनीच जंगल तोडायचं, कैद्यांनीच आपल्या झोपड्या उभ्या करायच्या, पायातलं लोखंड सांभाळत. टोळ्या पाडलेल्या, आणि टोळीवर मुकादम तोही कैद्यांतलाच.

बाकी पहारा समुद्राने, रानाने आणि रानातल्या माणसांनी द्यायचा.

दूधनाथ तिवारी हा १४ व्या नेटिव्ह इन्फंट्रीचा शिपाई. ही पलटण जुलै १८५७ मध्ये झेलमला उठली. बंड आणि पलायन हे दोन आरोप, शिक्षा जन्मठेप, तीही बेड्या घालून सक्तमजुरीची. कराचीहून जहाजात घातला, ६ एप्रिल १८५८ ला अंदमानात उतरवला. नंबर २७६. आणि २३ एप्रिलला, म्हणजे मोजून सतराव्या दिवशी, पसार.

एकटा नव्हे. रॉसवरून एका रात्री नव्वद जण निघाले. तोडायला सांगितलेली झाडंच एकमेकांना बांधून त्यांचे तराफे केले होते. पुढारी आगा नावाचा मुकादम. सगळ्यांची पक्की समजूत अशी, की हे रान पुढे ब्रह्मदेशाला जाऊन मिळतं, दहा दिवसांची वाट आहे, आणि पलीकडचा राजा आपल्याला चाकरीला ठेवून घेईल. पलीकडच्या किनाऱ्यावर दुसरीकडून पळालेले आणखी काही त्यांना येऊन मिळाले.

त्यानंतरचे दोन आठवडे नुसती वणवण. रान इतकं दाट की सूर्य दिसत नाही. पाणी नाही, वेताचे दांडे कापून त्यातले थेंब चोखायचे. म्हातारे आणि आजारी मागे पडले, तिथेच राहिले. चौदाव्या दिवशी दुपारी शंभरेक अंदमानी धनुष्यबाण घेऊन पुढ्यात उभे. कैद्यांनी हात जोडले, पाया पडले. उपयोग झाला नाही. दूधनाथला तीन बाण लागले, तरी तो दोघांबरोबर निसटला. दुसऱ्या सकाळी किनाऱ्यावर पुन्हा गाठलं. ते दोघे मेले. हा मेल्याचं सोंग घेऊन पडला होता, त्याला पाय धरून ओढून काढला, पुन्हा बाण मारले. त्याने पुन्हा हात जोडले, आणि या वेळी कुणास ठाऊक का, त्यांनी त्याला होडीत घातला. जखमांवर लाल माती थापली आणि तारमुगली बेटावर नेला.

पुढे एक वर्ष तो त्यांच्यात राहिला. डोकं भादरलेलं, अंगावर सूत नाही, मातीचा लेप. काही महिने त्यांना त्याचा भरवसा नव्हता, मग पुतिया नावाच्या माणसाने त्याला दोन बायका दिल्या : लिपा, विशीतली, आणि जिगा, तिच्याहून लहान.

१७ मे १८५९. अंदमानींची मोठी जमात पोर्ट ब्लेअरमधल्या अ‍ॅबर्डीनच्या ठाण्यावर चालून येत होती, दूधनाथ त्यांच्याबरोबर. हल्ल्याच्या थोडं आधी तो निसटला आणि वॉकरला वर्दी दिली. बंदुका तयार राहिल्या. ठाणं अर्धा तास अंदमानींच्या ताब्यात होतं, मग त्यांना मागे रेटलं. बाण विरुद्ध बंदुका; कुणाकडचे जास्त पडले ते सांगायला नको. लिपा तेव्हा गरोदर होती.

ऑक्टोबर १८६० मध्ये दूधनाथला माफी मिळाली.

माझा प्रश्न सरळ आहे. या माणसाला काय म्हणायचं?

---

कोयनाकाठ

एका दमात वाचलं. एक शंका. नव्वद माणसं निघाली आणि त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की हे बेट आहे? जहाजातूनच आले होते ना?

---

दर्यावर्दी

@कोयनाकाठ, जहाजातून आले, पण डेकखाली, बेड्यांत. गंगा-यमुनेच्या काठचे शिपाई हे. समुद्र बघितलेला माणूस त्यांच्यात विरळा. कराचीहून निघालेलं जहाज अख्ख्या हिंदुस्थानला वळसा घालून येतं. किती दिवस गेले ते मोजता येतात, दिशा कशी मोजणार? शिवाय ब्रह्मदेश इंग्रजांशी दोनदा लढलेला, तिथला राजा शत्रूचा शत्रू. त्या विश्वासात वेडगळपणा मला तरी दिसत नाही.

आणि दुसरं, निघाले नसते तर काय? मार्चमध्येच दानापूरचा नारायण नावाचा कैदी चॅथमवरून पोहून जायला बघत होता. वसाहतीचा चौथा दिवस. त्याला पकडून फाशी दिलं. पुढे मे महिन्यात, पळून उपाशीपोटी आपणहून परत आलेल्यांपैकी आणि पकडलेल्यांपैकी ऐंशीच्या वर माणसं वॉकरने एका झटक्यात लटकवली. कलकत्त्याच्या सरकारलाही ते जड गेलं, पळाल्याबद्दल फाशी देणं थांबवा असं कळवावं लागलं.

---

सह्यमित्र

माहिती उत्तम, पण प्रश्नात एवढं अवघड काय आहे? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस. ज्यांनी जीव वाचवला, घरात घेतलं, पोरी दिल्या, त्यांनाच बंदुकीच्या तोंडी दिलं. बरं, कुणासाठी? ज्या सरकारने बेड्या घातल्या त्याच्यासाठी. सत्तावनचा बंडवाला शिपाई आणि शेवटी इंग्रजाचा खबऱ्या. माफीनामा मिळाला, म्हणजे मोबदलाही चुकता झाला.

---

जुना पुणेकर

सह्यमित्र, जरा दमानं. ठाण्यावर कोण होतं? गोरे मूठभर. बाकी शेकडो कैदी, बेड्या घातलेले, हातात कुऱ्हाडी-फावड्यांपलीकडे काही नाही. हल्ला बिनखबर झाला असता तर कापले गेले असते ते त्याचेच भाईबंद. कदाचित त्याच्याच पलटणीतले. 'सरकार वाचवलं' हे आपण दीडशे वर्षांनी खुर्चीत बसून म्हणतो. त्याच्या डोळ्यासमोर सरकार कशाला असेल?

---

टिंबटिंब

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

---

दर्यावर्दी

पुणेकर काका, तुमचा मुद्दा मलाही पटला असता, पण एक अडचण आहे.

मे महिन्याच्या मोठ्या हल्ल्याआधी एप्रिल १८५९ मध्येच दोन हल्ले झाले होते. त्यातल्या दुसऱ्याबद्दल खुद्द वॉकरनेच वर कळवलंय, आणि ते वाचून मी चाट पडलो. पायात लोखंडी कडं असलेल्या कैद्यांना अंदमानी खुणेने सांगत होते, बाजूला व्हा. त्यांचा रोख होता तो गोऱ्या पहारेकऱ्यांवर आणि मुकादमांवर. मुकादम ओळखायचे कसे? त्यांच्या पायात कडं नसायचं, डोक्याला लाल पागोटं, बिल्ला आणि कमरेला रंगीत पट्टा असायचा. बेडीवाल्या कैद्यांबरोबर काही जण चक्क नाचले आणि बाराएक जणांना बरोबर घेऊन गेले.

म्हणजे वर्षभर झाडीआडून बघून त्या लोकांनी वसाहतीची सगळी उतरंड नेमकी ओळखली होती. कोण राबतो आणि कोण राबवून घेतो. ज्यांना तेव्हाचे साहेब 'रानटी' लिहीत होते, त्यांनी.

तेव्हा १७ मे ला बेडीवाल्यांची कत्तलच झाली असती असं छातीठोकपणे नाही म्हणता येत. आणि दूधनाथ त्यांच्यातच राहत होता, त्याला हे ठाऊक असणारच.

---

जुना पुणेकर

हे माहीत नव्हतं. पण ज्याच्या अंगावर बाणांच्या पाचेक जखमांचे वण आहेत आणि ज्याच्या डोळ्यादेखत शंभरेक बेडीवाले सोबती मारले गेले, त्याने "नाही हो, या वेळी ते बेड्या बघून सोडतील" यावर विसंबायचं? मे १८५८ ला कुणाची बेडी बघितली होती त्यांनी? हात जोडलेलेही बघितले नाहीत.

---

यारा काठचा

मेलबर्नहून लिहितोय. धागा वाचताना सारखा इथला विल्यम बकली आठवत होता, म्हणून थोडं विषयांतर. पण फार दूर नाही जात.

बकली इंग्लंडातल्या चेशायरचा गवंडी, पुढे फौजेत शिपाई. चोरीचं कापड जवळ बाळगलं म्हणून १८०२ मध्ये जन्मठेप आणि समुद्रापार रवानगी. ज्या जहाजातून आणला त्याचं नाव 'कलकत्ता', हा निव्वळ योगायोग. १८०३ च्या ऑक्टोबरात आमच्या इथल्या पोर्ट फिलिप खाडीत उतरवले. त्याच वर्षी २७ डिसेंबरला हा काही जणांबरोबर पळाला. सोबती हाय खाऊन मागे फिरले, हा एकटा पुढे गेला. गंमत म्हणजे लवकरच ती वसाहतच गुंडाळून टास्मानियाला नेली. पळायची घाई केली नसती तर जहाजात बसून गेला असता.

भुकेने अर्धमेला झालेला असताना त्याने एका थडग्यावर रोवलेला भाला उपटून काठीसारखा वापरायला घेतला. तो मुरंगर्क नावाच्या माणसाचा होता. वाथाउराँग लोकांतल्या बायकांनी भाला ओळखला आणि त्यांना वाटलं, आपला मेलेला माणूस गोरा होऊन परत आला. एवढ्या एका समजुतीवर तो वाचला, आणि पुढे ३२ वर्षं त्यांच्यातलाच एक होऊन राहिला.

जुलै १८३५ मध्ये इथे वसाहत करायला आलेल्या जॉन बॅटमनच्या माणसांच्या तळावर साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा, कातडं पांघरलेला माणूस येऊन गप्प बसला. इंग्रजी विसरला होता. दंडावर आपल्या नावाची आद्याक्षरं गोंदलेली, ती दाखवली. पाव हातात दिला तेव्हा त्याचं नाव तोंडातून आलं, मग हळूहळू बाकीची भाषा. आणि आता मूळ मुद्दा : काही लोक त्या तळावर हल्ला करून माल लुटायच्या बेतात होते, तो बेत त्याला ठाऊक होता आणि त्याने तो होऊ दिला नाही. मोबदला काय? माफी. दुभाष्याची नोकरी, वर्षाला पन्नास पौंड.

दूधनाथची गोष्ट वाचून अंगावर काटा आला तो यामुळे. दोन महासागरांवर तोच सौदा.

फरक एवढाच की बकलीने दोन्हीकडे पाय ठेवून राहायचा प्रयत्न केला. ज्या लोकांनी सांभाळलं त्यांच्या जमिनी हातोहात जाताना दुभाष्या म्हणून उभा राहिला. गोऱ्यांना वाटे हा त्यांचा, त्यांना वाटे हा गोऱ्यांचा. दोन वर्षांत वैतागून होबार्टला निघून गेला, तिथे लग्न केलं, १८५६ मध्ये गाडीतून पडून मेला.

---

कोयनाकाठ

३२ वर्षं!! आणि हा बाबा एक वर्ष. एका वर्षात माणूस कुणाचा होतो का? सह्यमित्र, मला वाटतं तुम्ही त्याच्यावर जरा जास्तच इमान लादताय. तो पाहुणा नव्हता, जावई नव्हता. युद्धकैदी होता. कैदी संधी मिळाली की पळतो.

---

भातुकली

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. सरकारशी इमान, सोबत्यांशी इमान, जमातीशी इमान, सगळं झालं. लिपाचं नाव मूळ लेखात एका वाक्यात आलं आणि खाली कुणाच्याच प्रतिसादात नाही.

विचार करा. कुणीतरी हाताला धरून एका अनोळखी, जखमी, भाषा न येणाऱ्या माणसाशेजारी बसवलं. तिला विचारलं असेल असं मला वाटत नाही. वर्ष काढलं. दिवस गेले. एका पहाटे तो नाही, आणि त्याच सकाळी आपल्या माणसांवर गोळ्या. त्याला माफी मिळाली, ती कुणी दिली? गव्हर्नर जनरलच्या सरकारने. त्या माफीत लिपाचा कुठे संबंध आला का?

आणि हे एकट्या लिपाचं नाही. ग्रेट अंदमानी म्हणतात त्या सगळ्या जमाती मिळून तेव्हा काही हजार लोक होते. वसाहतीबरोबर उपदंश आला, १८७७ मध्ये गोवराची साथ आली. १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले. आज पन्नासच्या आसपास आहेत. 'घात कुणाचा' याचं उत्तर मला तरी या आकड्यात दिसतं. एकट्या दूधनाथने केला असं नाही, पण तो त्या बाजूला जाऊन उभा राहिला.

---

सह्यमित्र

भातुकलीताई, +१. हेच म्हणत होतो, तुम्ही नीट मांडलंत.

---

जुना पुणेकर

नीट मांडलं हे खरं, पण गोवर दूधनाथने नाही आणला हो.

---

ठाणेकर

माझ्याकडून एक भर, आमच्या ठाण्याची.

सत्तावननंतर इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वहाबी या मुस्लिम पंथाच्या लोकांवर जे खटले झाले त्यात थानेसरचे जाफर थानेसरी यांना आधी फाशी आणि मग जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. अंबाला, लाहोर, मुलतान, कराची करत त्यांना मुंबईकडे आणलं आणि जहाज मिळेपर्यंत ठेवलं ते ठाण्याच्या तुरुंगात. हा तुरुंग म्हणजे ठाण्याचा किल्ला, जो चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या सुरुवातीला, १७३७ मध्ये, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. आजही तुरुंगच आहे, त्याच्या तटाला लागून रोज रिक्षा जातात. तर तिथून डिसेंबर १८६५ मध्ये 'जमना' जहाजात चढवले, जानेवारी १८६६ मध्ये अंदमान.

पण यांचं अंदमान दूधनाथच्या अंदमानापेक्षा किती वेगळं पाहा. लिहिता-वाचता येत होतं म्हणून कचेरीत मुन्शी झाले. इंग्रजी शिकले, साहेबांना उर्दू-फारसी शिकवली, अर्ज लिहून देऊन चार पैसे मिळवले. तिथेच लग्न केलं. १८८३ मध्ये सुटून परत आले ते बायको-मुलं आणि गाठीला पैसा घेऊन. उर्दूत आठवणी लिहिल्या म्हणून आपल्याला हे कळतं.

सात-आठ वर्षांच्या अंतराने तेच बेट. एकाला वेताचं पाणी, दुसऱ्याला मुन्शीगिरी. लेखणी चालवता येते की नाही यावर सगळं.

---

दर्यावर्दी

ठाणेकर, सुरेख भर! फक्त एक पुस्ती जोडतो. १८६६ चं अंदमान हे १८५८ चं नव्हतंच. वॉकर १८५९ च्या ऑक्टोबरात गेला, त्याच्या जागी कॅप्टन हॉटन आला आणि फास जरा सैल झाला. पुढे बायका-कैदी आणल्या, लग्नं लावली, काही वर्षं नीट वागलेल्याला शेती करायची, दुकान काढायची मुभा मिळाली. त्या लग्नांतून जी पिढी झाली ती 'लोकल बॉर्न' म्हणवते, आजही. त्यांच्यात जात कुठल्या कुठे विरघळली, आणि बोली झाली हिंदुस्थानी.

लेखणीचा मुद्दा शंभर टक्के. सत्तावनच्या उठावात शिक्षा झालेले अल्लामा फजल-ए-हक खैराबादी केवढे विद्वान, पण १८५९ मध्ये आले आणि १८६१ मध्ये तिथेच वारले. म्हणजे लेखणीलाही मुहूर्त लागतो.

---

सिंहपुरी

सिंगापूरहून रामराम. अंदमानाच्या आधी हिंदुस्थानी कैदी इकडे यायचे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सुमात्रावरच्या बेंकुलेनहून १८२५ मध्ये इथे आणले, मग बंगाल, मद्रास, मुंबई तिन्ही इलाख्यांतून येत राहिले, १८७३ पर्यंत. इथेही कैद्यावर कैदीच मुकादम. रस्ते, दीपगृह, गव्हर्नरचा बंगला, सगळं त्यांच्या हातचं.

सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलच्या आतल्या भिंती एकदा हात लावून बघाव्यात अशा आहेत. शिंपल्यांचा चुना, त्यात अंड्याचा पांढरा बलक आणि गूळ-साखर घोटायची, नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी घालून लेप द्यायचा, आणि वाळल्यावर गोट्याने घासून घासून चकाकी आणायची. मद्रासी चुना. गवंडीकाम इथेच शिकले बरेच जण, आणि सुटल्यावर त्यावर पोट भरलं. परत गेले ते थोडे.

मूळ प्रश्नावर : मी पुणेकरांच्या बाजूने.

---

इतिहासाची वही

मॉरिशस राहिलं! तिथे १८१५ पासून हिंदुस्थानी कैदी होते. १८३६ मध्ये डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा रस्त्यावर खपणारे हे कैदी बघून त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांचं त्याने कौतुक लिहून ठेवलंय.

आणि चुकीची माहिती पसरू नये म्हणून : अंदमानातली १८५८ ची वसाहत पहिली नव्हे. १७८९ मध्ये बॉम्बे मरीनच्या आर्चिबाल्ड ब्लेअरने चॅथमवर वसाहत केली होती, पुढे ती उत्तरेकडे हलवली, १७९६ मध्ये रोगराईमुळे बंद केली. पोर्ट ब्लेअर नाव त्याचंच. आता ते श्री विजयपुरम, आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप.

---

कडाडणारी वीज

वासुदेव बळवंतांचा उल्लेख कसा नाही? त्यांना अंदमानात न पाठवता एडनला का ठेवलं असेल?

---

दर्यावर्दी

@वीज, फडक्यांवर खरं तर स्वतंत्र धागा हवा. नेमकं कारण मला सांगता येणार नाही, पण अंदाज करायला जागा आहे : १८८० पर्यंत अंदमानात हजारो हिंदुस्थानी कैदी होते आणि फडके माणसं गोळा करण्यात तरबेज. एडनला ते एकटे. तिथेही दाराची बिजागरी उचकटून, अख्खं दारच काढून ते बाहेर पडले. पण उघडं वाळवंट, ना ओळख ना बोली, थोड्याच वेळात पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. दूधनाथला रानाने मारायला घेतलं पण लपवलंही. एडनला लपायला झाडही नव्हतं.

---

अर्धा चहा

माझा मुद्दा थोडा निराळा. आपण दूधनाथची जी गोष्ट वाचतोय ती कुणी सांगितली? दूधनाथनेच. कुणाला? ज्याने ऐंशी माणसं पळाल्याबद्दल लटकवली त्या वॉकरच्या कचेरीत. कुठल्या परिस्थितीत? तोही पळालेलाच होता, नियमाने त्याचाही गळा त्याच फासात. आता अशा माणसाने "साहेब, मी तिथे सुखात होतो, बायको गरोदर आहे, चुकून आलो" असं सांगायचं का? तो सांगणार की मी सतत सुटकेची वाट बघत होतो, आणि तुमच्यासाठी बातमी घेऊन आलोय.

पुढे पोर्टमन नावाचा अधिकारी, ज्याने वर्षानुवर्षं अंदमानींबरोबर काढली आणि १८९९ मध्ये त्यांचा इतिहास लिहिला, त्यानेही या जबानीतल्या चालीरीतींच्या वर्णनात चुका दाखवल्यात. तेव्हा इमान-बेइमानीचा निवाडा करण्याआधी ही जबानी मान वाचवायला दिलेली आहे एवढं धरून चाला. वर्दी हल्ल्याच्या तोंडावर का दिली, चार दिवस आधी का नाही? एक शक्यता अशीही आहे की तो शेवटपर्यंत ठरवू शकला नाही. किंवा असं की हल्ला फसणार हे दिसल्यावर उडी मारली.

---

भातुकली

चार दिवस आधी पळायला वाट कुठे होती? तारमुगली पोर्ट ब्लेअरपासून बरंच दूर, मध्ये पाणी आणि रान. ते सगळे ठाण्यापर्यंत चालत आले म्हणूनच तोही तिथवर पोचला. तुमचा जबानीचा मुद्दा मात्र मान्य. लिपाला विचारून कुणी जबानी घेतली असती तर धागा वेगळाच झाला असता.

---

मुंबईचा पाऊस

मी जानेवारीत सहकुटुंब जातोय. यातलं काय बघता येईल? टूरवाल्यांच्या यादीत सेल्युलर जेल, हॅवलॉक, संपलं.

---

दर्यावर्दी

@पाऊस, अ‍ॅबर्डीनच्या लढाईचं छोटं स्मारक शहरातच आहे, जलक्रीडा संकुलाच्या जवळ. सेल्युलर जेलहून उतरून पायी जाता येतं, पण टूरवाले थांबत नाहीत, तुम्हीच थांबवा. रॉसवर होडी जाते. तिथे वडाच्या मुळांनी धरलेल्या ज्या भिंती दिसतात, चर्च, बंगला, भटारखाना, त्या सगळ्या नंतरच्या. तराफे बांधले तेव्हा तिथे नुसतं रान होतं. वांडूरला गेलात तर तिथल्या सागरी उद्यानातल्या बेटांत तारमुगलीही आहे. उतरू देत नाहीत, होडीतून दिसतं.

आणि चॅथमची लाकडाची गिरणी चुकवू नका, मुलांना आवडेल.

---

सह्यमित्र

अर्धा चहा यांचा प्रतिसाद वाचून जरा नरम आलोय, पण मत बदललं नाही. पुणेकर म्हणतात तसं भीती समजू शकतो. वर्दी देऊन, लढाई उरकल्यावर, तो लिपाकडे जायला निघाला असता तर मी माझे सगळे शब्द मागे घेतले असते. ऑक्टोबर १८६० पर्यंत तो तिथेच होता. जवळजवळ दीड वर्ष.

---

जुना पुणेकर

कैदी होता तो तेव्हा, सह्यमित्र. परवानगी मागायला वॉकरकडे जायचं होतं का त्याने?